खोट्याचं बिल कोण भरतं?

एक प्रश्न विचारते. मनातल्या मनात उत्तर द्या, कुणी ऐकत नाहीये. घरी पैशांवरून शेवटचं खोटं कधी बोललात?

‘प्रोजेक्टची बाइंडिंग’ सांगून मागवलेले सातशे रुपये असतील. ‘इंडस्ट्रियल व्हिजिट’ नावाची लोणावळा ट्रिप असेल. किंवा ‘फी वाढली’ हे ब्रह्मास्त्र, जे वर्षातून एकदाच काढायचं असतं. आपल्यातले बरेच जण या कलेत पारंगत आहेत, उगाच साधू बनू नका. मीही नाही. माझं खोटं तर पाच महिने चाललं. ते पुढं सांगतेच. आधी एका सिनेमाबद्दल बोलूया. कारण माझं खोटं मला खऱ्या अर्थानं कळलं ते पोट धरून हसताना.

सिनेमाचं नाव ‘ऑस्कर’. पुरस्काराशी काही संबंध नाही. ऑस्कर हे एका ड्रायव्हरचं नाव आहे आणि गंमत म्हणजे सिनेमाभर तो जवळजवळ दिसतच नाही. फ्रेंच सिनेमा, साल १९६७, दिग्दर्शक एदुआर मोलिनारो. मूळ नाटक क्लोद मान्ये यांचं. ते १९५८ मध्ये पॅरिसच्या रंगभूमीवर आलं तेव्हा त्यात तरुण नायकाचं काम करत होता ज्याँ-पोल बेलमोंदो, म्हणजे पुढचा सुपरस्टार. १९९१ मध्ये हॉलिवूडनं यावर सिनेमा काढला, त्यात चक्क सिल्व्हेस्टर स्टॅलोन आहे. पण बघायचा तर १९६७चाच बघा, कारण त्यात लुई द फ्युनेस आहे.

(इथून पुढं कथा फुटणार आहे. ज्यांना आधी सिनेमा बघायचाय त्यांनी पान घडी करून ठेवा.)

एक घर, एक दिवस, तीन बॅगा

बार्निये हा बडा उद्योजक. सकाळी सकाळी त्याच्या बंगल्यावर क्रिस्तियां नावाचा त्याचा कर्मचारी येतो. काम काय, तर पगारवाढ हवी. कशासाठी, तर लग्न करायचंय, मुलगी श्रीमंताघरची आहे, तिच्या वडिलांसमोर आपली काहीतरी ऐपत दिसायला नको का? बार्निये आधी आकांडतांडव करतो, मग विरघळतो. आणि मग कळतं, मुलगी म्हणजे त्याचीच मुलगी!

बार्निये पिसाळतो. तेव्हा क्रिस्तियां दुसरा बॉम्ब टाकतो. त्यानं कंपनीच्या हिशेबात घोळ घालून मोठी रक्कम केव्हाच लांबवलीय आणि त्याचे दागिने करून ठेवलेत. वर म्हणतो काय, मला मुलगी द्या, म्हणजे पैसा घरातच राहील.

तिकडं बार्नियेची मुलगी कोलेत हिला ऑस्करशी लग्न करायचंय. बाप ऐकणार नाही हे माहीत असल्यानं मोलकरणीच्या सल्ल्यानं ती सांगून टाकते की मला दिवस गेलेत. तसं काहीही नाहीये. पण ऑस्कर तर घरातून गेलेला आणि आता ध्रुवाकडच्या मोहिमेवर निघालेला! मग बाप ‘घरची अब्रू’ वाचवायला मिळेल तो नवरा शोधायला लागतो. मसाज करायला येणारा फिलिप दिसतो, तर त्याच्याच गळ्यात मुलगी बांधायचं घाटायला लागतं. दंड भरपूर, डोकं बेताचं, असा हा फिलिप.

दरम्यान क्रिस्तियांची प्रेयसी जाक्लीन उगवते. तिचं वेगळंच. ती बार्नियेची मुलगी नाहीच. गरीब घरातली आहे म्हटल्यावर हा आपल्यावर प्रेम करणार नाही, या भीतीनं तिनं तसं सांगितलेलं.

आणि या सगळ्या गोंधळात घरभर फिरतात तीन सारख्या बॅगा. एकीत दागिने, एकीत रोकड, एकीत मोलकरणीचे आतले कपडे. बार्निये ज्या बॅगेवर सगळी भिस्त ठेवून असतो, ती उघडल्यावर काय निघतं हे सांगायची गरज नाही.

त्यानंतर द फ्युनेस जे करतो ते लिहून सांगता येणार नाही, तरी प्रयत्न करते. या माणसाचं डोकं फिरतं. तो स्वतःचं नाक ओढायला लागतो. नाक लांब होत जातं (म्हणजे नुसता हातांचा अभिनय, पण आपल्याला ते नाक दिसतं!) आणि मग त्या नाकाचं तो व्हायोलिन करून वाजवतो. तेव्हा तो ५३ वर्षांचा होता. बुटका, टक्कल पडलेला. तरुणपणी पॅरिसच्या बारमध्ये पियानो वाजवून पोट भरलेलं, आणि खरं नाव झालं ते पन्नाशीत. आपल्याला तेविसाव्या वर्षी ‘सेटल’ व्हायचं टेन्शन असतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

‘फार्समध्ये एवढा विचार करायचा नसतो’

हे वाक्य मला दोघातिघांनी ऐकवलं. बरोबर आहे, फार्स हसायलाच असतो. पण हसू येतं कशाचं? बॅगा बदलल्या म्हणून नाही. रेल्वे स्टेशनवर दोन अनोळखी माणसांच्या बॅगा बदलल्या तर ती फक्त तक्रार होते. हसू येतं कारण बॅगेवर कुणाचा तरी जीव टांगलेला असतो. बार्निये खरोखर घाबरलेला आहे. कोलेत खरोखर घाबरलेली आहे. भीती खरी असल्याशिवाय फार्स चालत नाही.

आता मला काय वाटतं ते सांगते. ‘ऑस्कर’ हा खोटारड्या माणसांचा सिनेमा नाहीये. तो अशा घराचा सिनेमा आहे, जिथं खरं बोलायची किंमत कुणालाच परवडत नाही.

कोलेतचंच बघा. आज आपण म्हणू, बाई गं, सरळ सांग ना बापाला! पण साल १९६७. फ्रान्समध्ये तेव्हा सज्ञान होण्याचं वय २१ होतं. ते १८ झालं १९७४ मध्ये. त्याआधी लग्न करायचं तर आई-वडिलांची संमती लागायची. लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या परवानगीशिवाय बँकेत खातं उघडता येईल, हा कायदा १९६५चा, म्हणजे दोनच वर्षं जुना. गर्भनिरोधक साधनांना परवानगी देणारा कायदा डिसेंबर १९६७ मध्ये झाला, हा सिनेमा लागल्यावर अडीच महिन्यांनी. गर्भपात तर १९७५ पर्यंत गुन्हाच होता. अशा वेळी श्रीमंत बापाच्या मुलीच्या हातात दाखवायला पत्ता कुठला होता? एकच. ‘मला दिवस गेलेत.’ हा एकच पत्ता असा होता, ज्यावर बापाला ‘नाही’ म्हणता येत नव्हतं.

हे लक्षात आलं की तो विनोद थोडा कडू लागतो. आणि योगायोग बघा, सिनेमा लागला ऑक्टोबर १९६७ मध्ये, आणि १९६८च्या मे महिन्यात पॅरिसमधले विद्यार्थी रस्त्यावर उतरले. सिनेमामुळे उतरले असं कुणी म्हणणार नाही. पण पडद्यावरच्या ज्या बापाला साठ लाखांहून जास्त प्रेक्षक तिकीट काढून हसले, त्याच्यासारखे बाप त्यांच्यातल्या कित्येकांच्या घरी बसलेले असणारच.

आणि तो बाप तरी कुठं तत्त्वाला धरून आहे? क्रिस्तियां पैसे मागतो तेव्हा तो भिकारडा, पैसे चोरतो तेव्हा दरोडेखोर, आणि दागिने परत मिळायची आशा दिसली की ‘जावईबापू’! माणूस तोच, फक्त बॅग कुणाच्या हातात आहे ते बदलतं. ज्या घरात बापच दर तासाला भाव बदलतो, तिथं पोरं खरं कशाच्या जोरावर बोलतील?

ही गोष्ट फ्रेंचांना नवी नाही. मोलिएरचं ‘कंजूष’ नाटक १६६८चं. त्यातही मुलगा लग्नासाठी बापाशी सौदा करतो तो चोरीला गेलेल्या पैशांच्या पेटीवरच. त्यात एक प्रसंग आहे. मुलीचा प्रियकर बापाकडं आपल्या प्रेमाची कबुली देत असतो आणि बाप समजतो, हा पेटीबद्दल बोलतोय. बराच वेळ दोघं बोलत राहतात, एक मुलीबद्दल, एक पेटीबद्दल! हेच नाटक आचार्य अत्र्यांनी ‘कवडीचुंबक’ नावानं मराठीत आणलं, तुमच्या आजीला विचारा. आणि १९८० मध्ये त्यावर सिनेमा निघाला तेव्हा त्या कंजुषाचं काम केलं, अर्थातच, लुई द फ्युनेसनं. तीनशे वर्षं झाली, बाप तोच आणि पेटी तीच.

माझी बॅग

आता माझं. मी बार्शीची. पप्पा तिथं एका आडत दुकानात दिवाणजी आहेत. दहा रुपयांचा फरक आला तरी रात्री उशिरापर्यंत खतावणी उलटीपालटी करणारा माणूस. मी मास कॉम करायला पुण्याला आले तेव्हा घरात भरपूर चर्चा झाली. मुद्दा एकच, ‘यातून पुढं मिळणार काय?’

गेल्या वर्षी मला पहिली इंटर्नशिप मिळाली, एका ठिकाणी, सहा महिन्यांची. मानधन शून्य. प्रमाणपत्र आणि चहा. पहिला महिना संपला तेव्हा घरून फोन आला, “काय मग, पगार झाला का?” पप्पांच्या आवाजात एवढी उत्सुकता होती की मी म्हणून गेले, “हो, सात हजार.”

दोन शब्द आणि एक आकडा, एवढंच. पलीकडं दोन सेकंद शांतता. मग पप्पा म्हणाले, “छान! मग आता पुढच्या महिन्यापासून खोलीचं भाडं तूच भरत जा. सवय पाहिजे.”

झालं! माझ्या वाटणीचं भाडं साडेचार हजार. मी दोन मुलांच्या शिकवण्या धरल्या, त्याचे अडीच हजार यायचे. राहिले दोन हजार. ते दर महिन्याला रूममेटकडून. दरम्यान आईनं ही बातमी मावशीला सांगितली. मावशीनं तिच्या मुलासाठी फोन केला, “तुझ्या तिथं याला पण चिकटव की गं, सात हजार काय कमी आहेत?” मी म्हटलं, “आत्ता जागा नाहीये.” म्हणजे दुसरं खोटं. मग मावशी म्हणाली, “साहेबांशी मी बोलू का?” तिसरं खोटं: साहेब परदेशात. माझे साहेब मग चार महिने परदेशातच राहिले.

पाचव्या महिन्यात आमच्या फिल्म क्लबमध्ये ‘ऑस्कर’ दाखवला, सबटायटल्सवर. शेजारी रूममेट बसलेली. नाकाच्या सीनला आम्ही दोघी अक्षरशः खुर्चीतून खाली आलो होतो. पण जाक्लीन सांगते ना, की मी त्यांची मुलगी नाही, तुला गमवायची भीती वाटली म्हणून बोलले, तिथं सगळे हसत होते आणि माझं हसू थांबलं. कारण तेवढ्यात मला आठवलं की शेजारी बसलेल्या या मुलीनं गेल्या आठवड्यात चष्मा बदलायचा पुढं ढकललाय. पैसे नाहीत म्हणून. ते का नव्हते, हे माझ्याइतकं कुणाला माहीत?

तोपर्यंत मी स्वतःला समजावलं होतं की माझं खोटं निरुपद्रवी आहे. आई-पप्पांना काळजी नको, म्हणून. कुणाचं काय बिघडतंय? बिघडत होतं. फक्त माझं किंवा घरच्यांचं नाही, जिचा यात काहीच संबंध नव्हता तिचं.

खोट्याखोट्यात फरक

सिनेमातली खोटी परत एकदा लावून बघा. क्रिस्तियां पैसे लांबवतो. ती चोरी आहे. तो कितीही गोड हसला तरी चोरीला ‘प्रेमासाठी केलं’ म्हणून सूट मिळत नाही. जाक्लीन खोटं बोलते ते आपली किंमत वाढावी म्हणून. कोलेत बोलते ते आपलं म्हणणं ऐकलं जावं म्हणून. तिन्ही एकाच तराजूत टाकता येत नाहीत. मला कोलेतचा राग येत नाही, जाक्लीनची दया येते, आणि क्रिस्तियांपासून मी माझं पाकीट लांब ठेवेन.

पण तिघांत एक गोष्ट सारखी आहे. बिल दुसऱ्याच्या टेबलावर जातं. जाक्लीनच्या खोट्याचं बिल क्रिस्तियांवर फाटतं. कोलेतच्या खोट्याचं बिल त्या बिचाऱ्या फिलिपकडं जायला निघालेलं असतं, ज्यानं फक्त मसाज करायचा होता.

म्हणून मला वाटतं, घरी खोटं बोलावं की नाही हा प्रश्न आपण चुकीचा विचारतो. ‘खोटं बोलणं वाईट’ हे बालवाडीतच सांगून झालंय आणि आपण त्याप्रमाणे वागत नाही, हेही सगळ्यांना माहीत आहे. त्याऐवजी हे विचारा की याचं बिल कोण भरतंय? नाव आठवा, चेहरा आठवा. तुमच्या ‘वाढलेल्या फी’साठी बहिणीचा क्लास थांबला का? तुमच्या ‘पहिल्या पगारा’साठी मित्र उपाशी राहिला का? उत्तर ‘मी एकटाच’ असं आलं, तर तुमचं तुम्ही बघा. पण असं उत्तर फारसं येत नाही.

आणि सिनेमावर माझा एक आक्षेप आहे, तो सांगून टाकते. शेवटी काय होतं? नवी मोलकरीण म्हणून शार्लोत नावाची बाई येते. ती बार्नियेचं तरुणपणातलं प्रेम निघते, जाक्लीन तिची मुलगी निघते आणि बाप कोण, तर बार्निये! म्हणजे जाक्लीनचं खोटं खरं ठरतं. ऑस्करही परत येतो. सगळ्यांची बिलं लेखकानं एका फटक्यात भरून टाकली. फार्सचा हा नियमच आहे, तक्रार नाही. आक्षेप इतकाच की त्या गडबडीत शार्लोतला कुणी विचारत नाही, बाई, इतकी वर्षं मुलीला एकटीनं वाढवलंस, ते बिल कसं भरलंस? सगळ्या बॅगा उघडल्या जातात, तिची नाही.

आपल्या आयुष्यात असा लेखक नसतो. माझी इंटर्नशिप शेवटच्या आठवड्यात अचानक पगारी झाली नाही.

दिवाळीत घरी

दिवाळीला गेले तेव्हा सांगून टाकलं. आई पोहे करत होती, पप्पा पेपर वाचत होते. मला वाटलं होतं आरडाओरडा होईल, निदान बार्नियेच्या चौथा हिस्सा तरी. पप्पांनी पेपर बाजूला ठेवला आणि विचारलं, “देणं किती आहे?”

“दहा हजार.”

त्यांनी वहीत लिहून घेतलं. रूममेटचं नावसुद्धा विचारून लिहिलं. मग म्हणाले, “आधी सांगायचं होतंस.”

मीही मग विचारलं, “पप्पा, आधी सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता? खरं सांगा.”

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “परत ये म्हणालो असतो.”

ते खरं होतं. आणि ते खरं ऐकून मला बरं वाटलं नाही, पण हलकं वाटलं. म्हणजे माझी भीती खोटी नव्हती. खरं बोलायची किंमत सात हजार नव्हती, ती पुणं होती. पण ते त्यांच्या तोंडून ऐकल्यावर निदान आम्ही दोघं एकाच वस्तूबद्दल बोलत होतो, एक मुलीबद्दल आणि एक पेटीबद्दल नाही. त्या दिवशी आम्ही तासभर हिशेब मांडला. जूनपर्यंतचा. तोवर काही जमलं नाही तर परत बोलायचं ठरलंय. परत जायचं असं नाही, परत बोलायचं. एवढं मिळालं.

हे सगळ्यांच्या घरी असंच होईल असं मी म्हणणार नाही. काही घरांत खरं बोलणं आजही धोक्याचं आहे, विशेषतः मुलींना, विशेषतः प्रेमाच्या बाबतीत. त्यांना मी शहाणपण शिकवायला जाणार नाही. कोलेतला नाही शिकवत, तर त्यांना कशाला? पण ज्यांच्या घरी फक्त आवाज चढेल, पोहे गार होतील आणि दोन दिवस अबोला धरला जाईल, त्यांनी एकदा बॅग उघडून बघावी. आत काय निघेल ते निघेल.

रूममेटचा चष्मा झाला. पप्पांनी पैसे परस्पर तिला पाठवले, माझ्या हातात दिले नाहीत. विश्वास परत यायला वेळ लागतो, ते मान्य आहे.

राहता राहिली मावशी. तिला अजून खरं माहीत नाही. आई म्हणाली होती, “ते मी बघते, तू नको सांगूस.” पण ही पुरवणी मावशीकडं येते आणि ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचते.

मावशी, साहेब परदेशात नव्हते. सॉरी.